जुन्या वस्तऱ्यांचे पुनरुज्जीवन

जुन्या वस्तऱ्यांचे पुनरुज्जीवन म्हणजे वापरातून गेलेले, गंजलेले किंवा बोथट झालेले वस्तरे स्वच्छ करून व त्यांना नव्याने धार लावून ते पुन्हा दाढी करण्यायोग्य बनवणे होय. असे वस्तरे आज मुख्यतः ऑनलाइन लिलावांतून मिळतात. त्यांतील बहुसंख्य वस्तरे इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन या दोन शहरांत अठराव्या ते विसाव्या शतकांत तयार झालेले आहेत. या कामात पोलाद फक्त कमी करता येते, वाढवता येत नाही. त्यामुळे कोणता वस्तरा निवडला यावरच पुढील कामाचे यश बहुतांशी अवलंबून असते.

पार्श्वभूमी

बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात शेफील्ड परिसरात मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत विकसित केली. या पोलादाची प्रत सर्वत्र सारखी असल्याने त्यापासून बारीक व टिकाऊ धारेची पाती बनवता येऊ लागली. शेफील्डच्या अनेक जुन्या वस्तऱ्यांवर ‘कास्ट स्टील’ अशी अक्षरे आढळतात, ती याच पोलादाची निदर्शक आहेत. सुरुवातीच्या पात्यांचा छेद पाचरीसारखा भरीव असे. एकोणिसाव्या शतकात पात्याच्या दोन्ही बाजू अंतर्वक्र घासून ते हलके व पातळ करण्याची पद्धत रूढ झाली आणि झोलिंगेनचे कारागीर तिच्यासाठी विशेष प्रसिद्ध झाले.

जिलेट कंपनीने १९०३ मध्ये बदलत्या पात्याचे सुरक्षित रेझर विक्रीस आणले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना अशी रेझरे पुरवण्यात आली आणि त्यानंतर घरगुती वापरातील वस्तरा मागे पडला. पेट्यांत व कपाटांत पडून राहिलेले हेच वस्तरे पुढे संग्राहकांच्या बाजारात आले.

काळ ओळखण्याच्या खुणा

पाते आणि शेपटी यांच्यामधील अरुंद भागावर, म्हणजे मानेवर, उत्पादकाचे नाव व गाव ठोकलेले असते. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव असणे बंधनकारक केले. त्यामुळे ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असा उल्लेख असलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा असतो. मात्र केवळ देशाचे नाव नाही म्हणून तो १८९० पूर्वीचा ठरत नाही, कारण इतर बाजारपेठांसाठी बनवलेल्या मालाला हा नियम लागू नव्हता. काही शेफील्ड वस्तऱ्यांवर राजमुकुटासह ‘डब्ल्यू.आर.’ (चौथा विल्यम, १८३०–१८३७) किंवा ‘व्ही.आर.’ (व्हिक्टोरिया, १८३७–१९०१) ही आद्याक्षरे असतात. त्यांवरूनही काळाचा अंदाज बांधता येतो.

खरेदीपूर्व परीक्षण

लिलावात वस्तू हाताळता येत नसल्याने छायाचित्रे हाच परीक्षणाचा आधार असतो. पात्याच्या दोन्ही बाजूंची, धारेची आणि पाठीची स्वतंत्र छायाचित्रे नसल्यास विक्रेत्याकडून ती मागवून घेणे इष्ट ठरते.

पृष्ठभागावरचा तांबूस गंज सहसा निघतो. धारेलगत खोलवर गेलेले खड्डे मात्र अधिक गंभीर असतात, कारण दगडावर घासताना त्या जागी धार तुटत राहते. लहान खाचा घासून घालवता येतात, पण त्यासाठी पात्याची रुंदी कमी करावी लागते. धारेपासून वर गेलेली केसासारखी तड असल्यास वस्तरा वापरासाठी बाद समजला जातो. किंचित बहिर्वक्र धार हा दोष नव्हे. याउलट मध्यभागी आत गेलेली धार चुकीच्या घासणीची खूण असते.

पाठीची झीज तितकीच महत्त्वाची आहे. वस्तरा दगडावर घासताना पाठ व धार दोन्ही दगडाला टेकलेली असतात, त्यामुळे धारेचा कोन पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणावरून ठरतो. १६ मिलिमीटर रुंद व पाठीला ४.५ मिलिमीटर जाड असलेल्या पात्याचा कोन सुमारे १६ अंश येतो. खाचा काढताना हीच रुंदी १४ मिलिमीटरवर आली, तर कोन सुमारे साडेअठरा अंश होतो आणि धार जाडसर लागते. उलट, रुंदी तीच राहून पाठ ३.५ मिलिमीटरपर्यंत झिजली, तर कोन साडेबारा अंशांच्या आसपास येऊन धार नाजूक होते.

मुठीचे साहित्य व कायदा

मुठी शिंग, हाड, लाकूड, हस्तिदंत, कासवाचे कवच किंवा सेल्युलॉइड यांच्या असतात. सेल्युलॉइड जुने होऊन विघटित होऊ लागले की त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांचे आम्ल बनते व मुठीत मिटलेले पाते गंजते. असा वस्तरा इतरांपासून वेगळा ठेवतात. सेल्युलॉइड ज्वालाग्राही असल्याने ते उष्णतेपासूनही दूर ठेवावे लागते. शेफील्डच्या जुन्या मुठींच्या टोकाकडील पाचर अनेकदा शिशाची असते, म्हणून ती कोरडी घासणे टाळतात.

हस्तिदंत व कासवाचे कवच यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराखाली नियंत्रित आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनुसार हस्तिदंताच्या व्यापारास बंदी आहे. ईबे या लिलाव संकेतस्थळानेही जानेवारी २००९ पासून हस्तिदंती वस्तूंच्या विक्रीवर निर्बंध घातले.

दुरुस्तीची प्रक्रिया

प्रथम वस्तरा जंतुनाशकाने स्वच्छ करतात. ही केवळ औपचारिकता नव्हे. हिपॅटायटिस-बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. महाराष्ट्रातही नाभिकांच्या धोकटीतील पारंपरिक वस्तऱ्याची जागा आता बहुतेक दुकानांत दर ग्राहकागणिक नवे पाते बसवण्याच्या वस्तऱ्याने घेतली आहे, त्यामागे संसर्ग टाळणे हेही एक कारण आहे.

त्यानंतर तेल व बारीक पॉलिश कागद वापरून हाताने गंज काढतात. विजेवर फिरणारे पॉलिशचे चाक वेगाने काम करते, पण त्यात दोन धोके असतात. चाक पाते हिसकावून फेकू शकते, आणि घर्षणाच्या उष्णतेने पातळ धारेचे पाणी उतरते. पोलादावर निळा रंग दिसला तर तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचे समजते. त्या भागाचा कठीणपणा कमी झालेला असतो आणि तेथे धार टिकत नाही.

शेवटी धार लावतात. सुमारे १००० क्रमांकाच्या दगडापासून सुरुवात करून ४०००, ८००० आणि १२००० अशा क्रमाने अधिकाधिक बारीक दगड वापरले जातात. बेल्जियममधील आर्देन प्रदेशात मिळणारा कोटिक्यूल हा पिवळसर नैसर्गिक दगडही यासाठी नावाजलेला आहे. दगडावर पाते धार पुढे ठेवून सरकवतात, तर त्यानंतर चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून. पट्ट्यावर धार पुढे ठेवल्यास चामडे कापले जाते व धारही बिघडते.

पुनरुज्जीवन की जतन

पाते आरशासारखे चकचकीत करण्याबाबत संग्राहकांत मतभेद आहेत. पात्यावर आम्लाने कोरलेली नक्षी, सोनेरी मुलामा आणि मानेवरील उथळ अक्षरे घासण्यात पुसली जातात, आणि त्यांच्यासोबत वस्तूचा काळ व कर्ता ओळखण्याचा पुरावाही नष्ट होतो. यामुळे दुर्मीळ वस्तऱ्यांच्या बाबतीत वाढता गंज थांबवून तेलाचा पातळ थर देण्यापुरतेच काम मर्यादित ठेवण्याकडे अनेकांचा कल असतो. सर्वत्र आढळणाऱ्या साध्या वस्तऱ्यांना मात्र दाढीच्या वापरासाठी पूर्णपणे नवे रूप देण्यास सहसा आक्षेप घेतला जात नाही.