रंग गेला, पण घाण गेली का?

आपल्या हाती येणारा कागद पांढराशुभ्र असतो. पण तो तयार करताना कारखान्यातून बाहेर पडणारे पाणी मात्र कोऱ्या चहासारखे तपकिरी असते. हा रंग येतो लिग्निनमुळे. लाकूड, बांबू किंवा उसाचे चिपाड यांतील तंतूंना घट्ट बांधून ठेवणारा हा पदार्थ. लाकडात तो साधारण पाव हिस्सा भरतो. कागदाला तंतू हवेत, लिग्निन नको. म्हणून रसायनांत शिजवून ते वेगळे काढतात. मोठे कारखाने त्यातले बरेचसे बॉयलरमध्ये जाळून वाफ मिळवतात. लगदा धुताना आणि विरंजन करताना जे निसटते, ते सांडपाण्यात उतरते.

सांडपाण्याची नेहमीची शुद्धी जिवाणू करतात. टाकीत हवा सोडली, की साखर, स्टार्च असले पदार्थ ते भराभर फस्त करतात. लिग्निनच्या अवाढव्य रेणूपुढे मात्र ते हात टेकतात. त्यामुळे शुद्धीनंतरही पाणी तपकिरीच राहते. असे पाणी नदीत मिसळले, की सूर्यप्रकाश खोलवर पोचत नाही आणि पाण्यातील वनस्पती खुरटतात.

येथे ओझोन मदतीला येतो. ऑक्सिजनच्या तीन अणूंचा हा वायू साठवून ठेवता येत नाही. ऑक्सिजनमध्ये उच्च दाबाची वीज खेळवून तो जागेवरच तयार करावा लागतो. फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून पिण्याच्या पाण्यासाठी त्याचा वापर सुरू झाला. लिग्निनमधील ज्या दुहेरी बंधांमुळे रंग दिसतो, नेमके तेच बंध ओझोन तोडतो. त्यामुळे काही मिनिटांतच पाणी फिके पडते.

ओझोनला हायड्रोजन पेरॉक्साइडची किंवा अतिनील किरणांची जोड दिली, की हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. यालाच प्रगत ऑक्सिडीकरण म्हणतात. हे मूलक क्षणभरही टिकत नाहीत, पण समोर येईल त्यावर तुटून पडतात. गोम अशी, की पाण्यातील बायकार्बोनेटही त्यांच्या तडाख्यात सापडते आणि तेवढी ताकद वाया जाते.

‘पाणी स्वच्छ दिसते, मग काम झाले ना?’ असे मला अनेकदा विचारले जाते. माझे उत्तर ‘नाही’ असे असते. रेणू तुटला, नाहीसा झाला नाही. त्याचे तुकडे, म्हणजे लहान सेंद्रिय आम्ले, पाण्यातच असतात. जिवाणूंना ती सहज पचतात, म्हणून बीओडी उलट वाढूही शकतो. हे पाणी तसेच सोडले, तर जिवाणूंची ती पंगत नदीत बसेल आणि माशांच्या वाट्याचा प्राणवायू संपेल.

सगळे तुकडे ओझोननेच जाळू म्हटले, तर वीज परवडत नाही. एक किलो ओझोनला सुमारे दहा युनिट वीज लागते. म्हणून शहाणपण क्रमात आहे. आधी जिवाणू, मग बेताचा ओझोन आणि शेवटी पुन्हा जिवाणूंची गाळणी. जर्मनीतील एट्टरिंगेन येथील कागद कारखान्यात गेल्या शतकाच्या अखेरीस ओझोन आणि जैविक गाळणी यांची अशीच सांगड घालण्यात आली. तोडण्याचे काम ओझोनने करावे, खाण्याचे जिवाणूंनी.

तेव्हा एखाद्या कारखान्याने नितळ पाण्याचा पेला दाखवला, तर त्याचे कौतुक जरूर करावे. पण त्याबरोबर सीओडी आणि बीओडी हे दोन्ही आकडे मागावेत. डोळ्यांना रंग दिसतो. नदीला मात्र उरलेले सगळेच सोसावे लागते.