करणारा आणि तपासणारा

विमानाचं इंजिन आणि बँकेचं लेजर यांचं काही नातं असेल, असं साठी उलटेपर्यंत मला कधी वाटलं नव्हतं. 2019 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या डेटनला भाच्याकडे गेलो आणि ते नातं दिसलं.

डेटन हे राइट बंधूंचं गाव. 1903 च्या त्यांच्या विमानाला पुरेसं हलकं इंजिन बाजारात मिळेना, तेव्हा त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर या कारागिरानं सुमारे सहा आठवड्यांत ते घडवलं. म्हणजे ते विमान घरच्या घरीच तयार झालं म्हणायचं. ही हौस तिथं अजून टिकून आहे. नोकरीधंदा सांभाळून माणसं गॅरेजमध्ये, भाड्याच्या हँगरमध्ये वर्षानुवर्षं विमान बांधत असतात. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं विमान 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात अनेकांनी पाहिलं असेल.

भाच्यानं सात वर्षं खपून दोन माणसांचं विमान उभं केलं होतं. त्याला इंजिन बसवलं होतं माझदा मोटारीचं, भंगारवाल्याकडून आणून नव्यानं बांधलेलं. हे रोटरी इंजिन. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाच्या कल्पनेतून ते जन्माला आलं आणि 1957 मध्ये पहिल्यांदा चाललं. त्यात वरखाली होणारा दट्ट्या नाही, झडपा नाहीत. मधे फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर असतो आणि तो लंबगोलासारख्या कवचात फिरतो. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकावर एक बारीक पट्टी कवचाला घासत राहते. तिला एपेक्स सील म्हणतात. फिरते भाग कमी, त्यामुळे बिघडायला जागा कमी. सील तुटलं तरी बहुतेक वेळा इंजिन एकदम अडकत नाही, ताकद गमावून का होईना, फिरत राहतं. आकाशात असणाऱ्याला हा मोठाच दिलासा. उलट पेट्रोल जास्त लागतं आणि उष्णता फार.

अडचण अशी होती की कमी वेगात इंजिन गुळगुळीत चाले, पण जोर वाढवला की एका ठरावीक जागी हिसके देऊ लागे. दोन रोटर म्हणजे बैलजोडी समजा. एका बैलानं अंग चोरलं की गाडी जशी धक्के खाते, तसं. मोटारीत हे झालं तर माणूस ती रस्त्याच्या कडेला घेतो. विमानाला पूर्ण जोर लागतो तो उड्डाणाच्या क्षणी. दोनशे फुटांवर ताकद गेली तर मागं वळायला उंची नसते.

“मामा, प्लग बदलले, कॉइल बदलली, इंधनाचा फिल्टर बदलला,” भाचा सांगत होता. “दोन दिवस झकास चाललं. पुन्हा पहिल्यासारखं.”

“यातलं काय बदलल्यावर झकास चाललं?”

तो गप्प झाला. तिन्ही गोष्टी त्यानं एकाच संध्याकाळी बदलल्या होत्या.

इंजिनातलं मला काही कळत नव्हतं, पण ही चूक ओळखीची होती. संगणक येण्यापूर्वी शाखेत लेजरांची बेरीज जुळत नसली की रात्र व्हायची. नवा कारकून घाबरून चार ठिकाणी खाडाखोड करायचा आणि मूळ चूक त्या खाडाखोडीत बुडून जायची. जुने हेडक्लार्क आधी फरकाचा आकडा पाहायचे. त्याला नऊनं भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली, 540 चे 450 लिहिलेले. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती उलट्या बाजूला पडलेली असण्याचा संभव. चूक आपला पत्ता बरोबर घेऊन येते, तो वाचायचा असतो.

मी म्हटलं, “नवी वही काढ. एका वेळी एकच गोष्ट.”

विमान दोरखंडांनी जखडलं, चाकांना अडसर लावले आणि हिसके सुरू होतात त्या वेगावर इंजिन नेलं. दोन्ही रोटरांच्या इंधनाची बटणं वेगळी होती. पहिल्याचं इंधन क्षणभर तोडलं तर इंजिन मान टाकू लागलं. दुसऱ्याचं तोडलं तर फारसा फरक पडेना. कामचुकार बैल सापडला.

मग दोन्ही रोटरांच्या कॉइलींची अदलाबदल केली. दोष कॉइलीबरोबर पहिल्या रोटरकडे गेला असता, तर कॉइल गुन्हेगार. तो दुसऱ्यापाशीच राहिला. इंधनाची फवारणी करणारे इंजेक्टर अदलून पाहिले. तरीही तिथंच.

आता भाच्याचा चेहरा उतरला. त्याच्या मनातली भीती एपेक्स सीलची होती. ते तुटलं असेल तर इंजिन पुन्हा पूर्ण खोलायचं. रोटरच्या तीन बाजूंचा दाब मोजायची एक चाचणी असते. इंजिन स्टार्टरवर फिरवलं की दाबाचे तीन ठोके मिळतात. तिन्ही सारखे तर सील शाबूत. एक एपेक्स सील तुटलं तर तीनपैकी दोन ठोके पडतात, कारण टोकावरचं सील ही दोन कप्प्यांमधली सामाईक भिंत असते आणि ती ढासळली की दोन्ही शेजारी उघडे पडतात. मला तर हा नऊच्या भागाकाराचाच भाऊ वाटला. ठोके मोजले. तिन्ही सारखे होते.

उरली वायर. या इंजिनात प्रत्येक रोटरला दोन इंजेक्टर. दुसरा फक्त जास्त जोर मागितला की कामाला लागतो. इंजिन बंद करून भाच्यानं दुसऱ्या रोटरच्या त्या इंजेक्टरच्या वायरला मीटर लावला आणि वायर हलकेच ओढली. आकडा उडाला. पुन्हा ओढली, पुन्हा उडाला. वायरच्या टोकाचं टर्मिनल नीट दाबलं गेलेलं नव्हतं. प्लग बदलताना त्याचं कोपर लागून वायर हलली असणार आणि दोन दिवस संपर्क जुळला असणार. श्रेय मिळालं नव्या प्लगांना.

पाच मिनिटांत टर्मिनल बदलून झालं. पण भाचा बराच वेळ जुनं टर्मिनल हातात धरून बसला होता. ते त्यानंच बसवलं होतं. “केव्हा, ते आठवत नाही,” म्हणाला. “दिवसभर ऑफिस करून रात्री बारा-बारापर्यंत वायरिंग करत होतो.”

मला खरी काळजी वाटली ती इथं. बँकेत नोंद करणारा एक आणि ती पास करणारा दुसरा, असा दंडक असतो. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे. यात कुणाच्या सचोटीवर शंका नसते. आपण केलेली चूक आपल्याच डोळ्यांना दिसत नाही, एवढंच त्यामागचं शहाणपण. घरी बांधलेल्या विमानात मात्र बांधणारा, दुरुस्त करणारा आणि उडवणारा एकच. परवाना देण्यापूर्वी सरकारतर्फे एकदा तपासणी होते. पुढं दरवर्षीची तपासणी करण्याचा अधिकार बांधणाऱ्याला स्वतःलाच मिळू शकतो. शिवाय सात वर्षं वाट पाहिलेला माणूस हातात हवामान चांगलं असलेला रविवार आला की ‘थोडेसे हिसके आहेत, वर गेल्यावर जातील’ अशी स्वतःची समजूत घालू शकतो. त्या समजुतीवर सही करायलाही तोच असतो.

1953 मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या हौशी विमानबांधकांच्या संघटनेनं हे ओळखलं आहे. त्यांचे अनुभवी स्वयंसेवक बोलावलं की येऊन काम पाहून जातात. भाच्यानं सांगाडा झाल्यावर बोलावलं होतं, वायरिंग झाल्यावर नाही. “दुसऱ्याला कशाला त्रास?” हा आपला मराठी संकोच. त्याच आठवड्यात त्यानं फोन केला. एक निवृत्त मेकॅनिक आले आणि त्यांनी एकेक टर्मिनल ओढून पाहिलं. आणखी दोन सैल निघाली.

मी पुण्याला परतलो. ऑक्टोबरमध्ये विमान उडालं. ते सुखरूप उतरल्याचा निरोप आला, पण सोबत विमानाचा फोटो नव्हता. फोटो होता वहीच्या पानाचा. पानावर आता दोन रकाने होते, ‘काम केलं’ आणि ‘तपासलं’. दोन्हींखाली वेगवेगळ्या माणसांच्या सह्या होत्या.