घरच्या कारखान्यात विमान : आधी टेबल, मग पंख

विमान म्हटले की मोठे कारखाने आणि सरकारी खजिने डोळ्यांसमोर येतात. परंतु अमेरिकेत हजारो लोकांनी आपल्या घराच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी विमाने बनवली आहेत आणि ती उडवलीही आहेत. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकी येथे अशा हौशी लोकांची 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संघटना काढली. सुरुवातीला तिचे कामकाज त्यांच्या घराच्या तळघरातूनच चाले. आम्ही कापडाचा धंदा करणारी माणसे. विमानाशी आमचा संबंध तिकिटापुरता. तरीही या घरगुती कारखान्याची रीत समजून घेतली तेव्हा आपल्या कारागीर बंधूंच्या उपयोगाचे त्यात बरेच दिसले.

अमेरिकेच्या नियमाप्रमाणे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंदासाठी केलेले असेल, तर त्या विमानाला 'प्रायोगिक' वर्गात दाखला मिळू शकतो. म्हणून कंपन्या तयार विमान न विकता सुट्या भागांचे संच विकतात. ऑरेगॉन राज्यातील व्हॅन्स एअरक्राफ्ट ही त्यांतील नामांकित कंपनी. तिचे आरव्ही-७ हे दोन आसनी विमान उभे करण्यास साधारण १५०० ते २००० तास लागतात. आठवड्याला १५ तास धरले तरी दोन ते अडीच वर्षे झाली. तेव्हा पहिला विचार विमानाचा नव्हे, जागेचा करावा लागतो.

जागेचा हिशेब असा. दोन मोटारींचे गॅरेज साधारण २० फूट लांब व तितकेच रुंद असते. आरव्ही-७ ची लांबी २० फूट ४ इंच आणि पंखांचा विस्तार २५ फूट. म्हणजे पूर्ण विमान घरात उभे राहतच नाही. शेपटी, पंख आणि धड वेगवेगळे बनवायचे व शेवटची जोडणी विमानतळावर करायची. म्हणून शहाणा माणूस आधी दाराचे माप घेतो. मुंबईचे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवली येथे घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवले. २०१६ च्या मुंबईतील प्रदर्शनासाठी ते क्रेनने खाली उतरवावे लागले. त्याची सरकारी नोंदणी २०१७ साली झाली आणि चाचणी उड्डाणाचा परवाना २०१९ साली मिळाला. यावरून जागेइतकाच कागदपत्रांचाही विचार आधी करावा, हे ध्यानात येईल.

जागेनंतर टेबल. सुमारे ५ फूट लांब, २ फूट रुंद व ३ फूट उंच अशी दोन भक्कम टेबले पुरतात. मात्र ती अगदी सपाट हवीत. टेबल वाकडे असेल तर त्यावर जुळवलेली शेपटी पिळली जाते. त्यानंतर भरपूर उजेड, हवा दाबणारा कॉम्प्रेसर, ड्रिल, रिव्हेटची बंदूक आणि शेकडो क्लेको. क्लेको म्हणजे दोन पत्रे तात्पुरते धरून ठेवणारी स्प्रिंगची खीळ. शिंपी पक्क्या शिलाईआधी कच्चे टाके घालतो, तसेच हे. सगळे नीट बसले की एकेक क्लेको काढून तिथे रिव्हेट ठोकायची. हे काम बहुधा दोघांचे असते. एकजण बंदूक चालवतो, दुसरा पलीकडून पोलादी ठोकळा धरतो. ठोकलेल्या टोकाची रुंदी रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट आणि उंची निम्मी भरली पाहिजे.

भोक पाडल्यावर त्याच्या कडेला बारीक कस राहते. ती साफ केल्याशिवाय पुढे जायचे नाही. कारण कापडवाल्याला सांगायला नको. थानाच्या काठाला कात्रीचा एक छेद द्या आणि ओढा. कापड सरळ फाटत जाते. पत्र्याचेही तसेच. हवेतील थरथरीने त्या बारीक ओरखड्यातून तडा वाढत जातो.

काही विमानांचे पंख अजूनही कापडाने मढवतात. पूर्वी दर इंचाला ८० धागे असलेले सुती कापड वापरीत. आता पॉलिएस्टर वापरतात. ते चिकटवून साध्या इस्त्रीने ताणतात. परंतु उष्णता सुमारे १७५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की ते सैल पडू लागते. म्हणून इस्त्रीवरील आकड्यावर विश्वास न ठेवता ती तापमापकाने पारखून घेतात. मग लांब सुईने व मेणाच्या दोऱ्याने ते सांगाड्याला हाताने शिवतात. या कामातील रसायनांच्या वाफा लगेच पेट घेतात. गॅरेज घराला लागून असल्यास तेथे गिझरची ज्योतही चालत नाही. घरात मुलेबाळे असतात.

आता पैशाचे. संच टप्प्याटप्प्याने मिळतो आणि सुरुवात शेपटीने होते. भाग लहान असल्याने त्यावर हात बसतो व बिघडला तरी नुकसान थोडे. उधार-उचल करून सगळा माल एकदम मागवू नये. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅन्ससारख्या जुन्या कंपनीलाही कर्जाच्या फेररचनेसाठी न्यायालयात जावे लागले आणि आगाऊ पैसे भरून बसलेल्या गिऱ्हाइकांपुढे वाढीव किमती आल्या. पुढे कंपनी सावरली, परंतु धडा राहिला : हातातले काम संपेल तेवढाच माल घ्यावा.

रोजच्या कामाची वही आणि छायाचित्रेही ठेवावीच लागतात. काम स्वतः केल्याचा तोच पुरावा. तपासणीनंतरही साधारण २५ ते ४० तास चाचणीची उड्डाणे ठराविक हद्दीतच करावी लागतात व तोवर हौसेखातर कोणाला शेजारी बसवता येत नाही.

आपल्यापैकी विमान बनवणारे विरळाच. परंतु घरात यंत्र मांडून काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांनीही आधी जागा मोजावी, टेबल सपाट करावे, वही ठेवावी. आमच्या धंद्यात बिघडलेला तागा सेकंडच्या भावात निघून जातो. विमानाच्या कारागिराला ती सोय नाही. बिघडलेला भाग त्याला फेकावाच लागतो, कारण त्या विमानात पहिल्यांदा बसणारा बहुधा तोच असतो.