नेवाळी : युद्ध संपले, धावपट्टीचा वाद उरला

कुठे : ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथ तालुक्यातील नेवाळीच्या माळावर. कल्याणपासून मलंगगडाकडे जाताना.

केव्हा आणि का : दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतले आणि भारतात हवाई तळांची निकड वाढली. त्याच काळात नेवाळी परिसरातील शेतजमिनी सरकारने विमानतळासाठी ताब्यात घेतल्या.

किती जमीन : सुमारे १,६०० एकर.

वाद कशाचा : युद्धकाळातल्या भारत संरक्षण कायद्याने सरकारला खासगी जमीन ताब्यात घेता येत असे. मात्र तात्पुरता ताबा वेगळा आणि कायमची मालकी वेगळी. जमीन युद्धापुरतीच दिली होती, ती परत हवी, असे शेतकरी म्हणतात. जमीन रीतसर संपादित झालेली आहे, हा संरक्षण खात्याचा दावा. तळ ओस पडल्यावर शेतकऱ्यांनी तिथे पुन्हा पेरणी सुरू केली होती.

२२ जून २०१७ : या जमिनीवरील नौदलाच्या कुंपणाच्या कामाविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले. आंदोलन हिंसक झाले, पोलिसांची वाहने जळाली, पोलीस आणि आंदोलक जखमी झाले.

इतर तळांचे काय झाले?
- लोहगाव, पुणे (१९३९) : मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारलेला. आज हवाई दलाचा तळ आणि प्रवासी विमानतळही.
- बिरसी, गोंदिया (१९४०) : २००५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. २०२२ मध्ये प्रवासी विमानसेवा सुरू.
- सांताक्रूझ, मुंबई : युद्धात ब्रिटिश हवाई दलाचा तळ, नंतर मुंबईचा मुख्य विमानतळ.