पिलू डुलतंय? टाकून देऊ नका!

नालासोपारा स्टेशनातून पश्चिमेला गास, उमराळे, निर्मळकडे निघालात की वाड्या लागतात. वाडी आली की उंदीर आले, आणि उंदरांमागे मांजर आलेच. मांजरी विते, पिले चालू लागतात आणि त्यांतले एखादे झिंगल्यासारखे डुलते. पाय फाकवून उभे राहते, बशीकडे तोंड नेले की मान थरथरते, झोपले की थरथर थांबते. "याचं काही खरं नाही, बाजारात सोडून या," असे कोणीतरी म्हणतेच. वाचकहो, थोडे थांबा.

शरीराचा तोल लहान मेंदू सांभाळतो. मांजरी गाभण असताना तिला पॅनल्युकोपेनिया या विषाणूची बाधा झाली, तर पिलांचा लहान मेंदू नीट वाढत नाही. हा दोष औषधाने बरा होत नाही, पण तो वाढतही नाही आणि दुखतही नाही. दोष फार तीव्र नसेल आणि नीट सांभाळले, तर असे मांजर इतरांइतके जगते. हळूहळू आपला तोल सावरायलाही शिकते.

मग करायचे काय? गुळगुळीत लादीवर गोणपाट अंथरा, म्हणजे नखे रुतून पाय सरकणार नाहीत. खाणे जड, पसरट बशीत द्या आणि बशी थोडी उंचावर ठेवा. शी-शूसाठी कमी काठाचा ट्रे रेती घालून ठेवा. माळा, जिना, ओटा यांपासून दूर ठेवा. आपल्याकडे विहिरी आणि बावखले जागोजागी, म्हणून अशा पिलाला मोकळे सोडू नकाच.

मात्र धडधाकट मांजर अचानक डुलू लागले, तर ते प्रकरण वेगळे. विषबाधा, डोक्याला मार किंवा कानातला आजार असू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांचे परमेथ्रिन असलेले औषध मांजराला लावले, तरी झटके येतात. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब पशुवैद्यांना गाठा. मोठ्या तपासणीसाठी परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहेच.

मुख्य म्हणजे लस. पिले सहा ते आठ आठवड्यांची झाली की डॉक्टरांना विचारून लसीकरण सुरू करा. मांजरी गाभण असेल तर आधी तसे सांगा, कारण जिवंत विषाणूची लस तिला देत नाहीत. मांजरी गाभण राहण्यापूर्वीच लस घेतली, तर पुढच्या वेताला डुलणारे पिलू सहसा निघणार नाही. आणि आज जे घरात डुलते आहे, त्याला एक गोणपाट आणि एक बशी एवढेच तर हवे आहे!