ग्रीस भरले की बेअरिंग सुटले, हा गैरसमज

अमेरिकेत 1970 आणि 80 च्या दशकांतल्या मोटरहोम आजही रस्त्यावर दिसतात. अशी गाडी नव्याने घेणाऱ्याला जो तो एकच सल्ला देतो: चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरून घ्या आणि निर्धास्त व्हा. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे, आणि अर्ध्या सल्ल्यावर पाच टनांहून जड घर हायवेवरून पळवणे धोक्याचे आहे. ग्रीस आटल्यामुळे बेअरिंग जाते असे आपण सरसकट धरून चालतो. प्रत्यक्षात बेअरिंगला मारणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा वेगळ्याच असतात: आत शिरलेले पाणी, धुळीचा कण, फाटलेले ऑइल सील, एकमेकांशी न पटणारी दोन ग्रीस, आणि वाजवीपेक्षा जास्त आवळलेला नट. यांतले एकही दुखणे नुसत्या ताज्या ग्रीसने बरे होत नाही. म्हणून हब उघडण्याचे मुख्य काम आत काय चालले आहे ते बघणे हे आहे. ग्रीस भरणे त्याच्या मागून येते.

या गाड्यांच्या पुढच्या चाकांत टेपर रोलर बेअरिंग असतात. घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी 1898 साली त्यांचे पेटंट घेतले ते एका नेमक्या अडचणीसाठी. चाक वळणावर जाते तेव्हा त्यावर वरून येणाऱ्या वजनाबरोबर बाजूचा रेटाही येतो, आणि साध्या बेअरिंगला तो पेलत नाही. टेपर बेअरिंगचे रोलर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतात, त्यामुळे ते दोन्ही भार घेतात. मात्र या आकारामुळे रोलरचे जाड टोक आतल्या कोनच्या कडेवर सतत दाबले जाते आणि तिथे ते घरंगळत नाही, घासते. तेलाचा पातळ थर सगळ्यांत आधी तुटतो तो याच कडेवर. बेअरिंग धुऊन उजेडात धरले की पहिली नजर इथे टाकावी. जाड टोकावर ओरखडे असतील किंवा पोलादाला पिवळसर-निळसर झाक आली असेल, तर ते बेअरिंग तापून गेलेले आहे आणि त्यात कितीही महाग ग्रीस भरले तरी व्यर्थ. बदलायचे झाले तर कोन आणि बाहेरचा कप दोन्ही बदलावेत. जुन्या कपवर नवा कोन बसवून वाचवलेले पैसे टिकत नाहीत. आणखी एक, धुतलेले बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवून वाळवण्याची हौस गॅरेजमध्ये सर्रास दिसते. कोरडे रोलर त्या वेगात घासले जातात, आणि केज निसटून एखादा रोलर डोळ्यात गेला तर बेअरिंगची चिंताच उरत नाही.

दुसरा गैरसमज असा, की सगळ्या चाकांची निगा सारखीच. शेव्हरोलेच्या पी-30 चासीवर विनेबागोसह अनेक कंपन्यांनी मोटरहोम बांधल्या. तिचा मागचा अ‍ॅक्सल फुल-फ्लोटिंग आहे आणि मागच्या बेअरिंगना डिफरन्शियलमधलेच गिअर ऑइल मिळते. तिथे जुळणीच्या वेळी ग्रीसचा हलका हात पुरतो. पुढे लक्ष ठेवायचे ते तेलाच्या पातळीवर, सीलवर आणि अ‍ॅक्सलच्या ब्रीदरवर. हा बारकासा ब्रीदर चिखलाने बुजला की तापलेल्या अ‍ॅक्सलमधला दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो आणि ते थेट ब्रेकच्या लायनिंगवर जाते. मालक मग सील बदलत राहतो आणि ब्रीदरकडे कुणाचे लक्षही जात नाही. 1973 ते 1978 या काळातल्या जीएमसी मोटरहोमची गोष्ट याच्या उलट. ती फ्रंट-व्हील-ड्राइव्ह, ओल्ड्समोबिल टोरोनॅडोच्या यंत्रणेवर बेतलेली. तिची मागची चार चाके नुसती गडगडणारी, म्हणून हाताने ग्रीस भरायचे ते मागच्या चारांत. पुढची बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवलेली असतात; ती काढायला प्रेस लागतो आणि ते काम घरच्या अंगणातले नव्हे. पुढची दोन चाके ग्रीस करा, हा ऐकीव नियम जीएमसीला लावला तर नेमकी गरजेची चार चाके राहून जातात.

‘गाडी वर्षातून दोनदाच निघते, बेअरिंग कशाला झिजतील?’ हे वाक्य वापरलेल्या गाडीच्या व्यवहारात हमखास कानावर येते. किलोमीटर कमी असतील, पण उभ्या गाडीलाही काळ लागतो. ग्रीसमध्ये साधारण 70 ते 90 टक्के तेलच असते. उरलेला घट्ट करणारा पदार्थ ते तेल धरून ठेवतो. वर्षानुवर्षे न हललेल्या हबमध्ये तेल सुटून खाली उतरते आणि वर सुकलेला चिकट गोळा राहतो. दिवसरात्रीच्या तापमानातल्या फरकाने आत दव धरते. रोलर जिथे टेकलेले असतात तिथे कपवर समान अंतराने गंजाचे काळपट पट्टे उमटतात, आणि गाडी धावू लागली की त्याच पट्ट्यांपासून पत्र्यासारखे पापुद्रे सुटायला सुरुवात होते. दोनदाच निघणाऱ्या गाडीसाठी मैलांचा हिशेब म्हणूनच गैरलागू आहे, तिथे वर्षे मोजावी लागतात.

मग भरपूर ग्रीस कोंबले की झाले, असे वाटणे साहजिक आहे. बेअरिंगच्या आत, रोलरांच्या मधे, ग्रीस पूर्ण भरलेच पाहिजे. तळहातावर गोळा घेऊन कोनची रुंद कड त्यात दाबत राहायचे, वरच्या बाजूने रोलरांमधून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत, आणि असा पूर्ण फेरा होईपर्यंत. हबच्या पोकळीत मात्र कपच्या पातळीपर्यंत कडे केले की पुरे. पोकळी ठासून भरली तर तापलेल्या ग्रीसला फुगायला जागा उरत नाही आणि ते सील ओलांडून ब्रेकवर उतरते. ग्रीस गनचेही तसेच. काही ट्रेलरच्या अ‍ॅक्सलला बाहेरून ग्रीस मारण्यासाठी निप्पल असते. जुन्या मोटरहोमच्या पुढच्या भागातली निप्पल बहुधा बॉल जॉइंटची किंवा किंगपिनची असतात. तिथे गन मारून बेअरिंग झाले म्हणणे हा शुद्ध गोंधळ आहे. आणि निप्पल खरोखर हबवर असले तरी बेअरिंगवर पडलेले खड्डे गनला दिसत नाहीत.

रंगाचे प्रकरण थोडक्यात आटपण्यासारखे आहे. लाल, निळा, हिरवा हा फक्त घातलेला रंग. त्यावरून ग्रीसचा प्रकार कळत नाही. खरा फरक घट्ट करणाऱ्या पदार्थाचा असतो. लिथियम कॉम्प्लेक्स, पॉलियुरिया, बेंटोनाइट माती यांची सरमिसळ झाली तर मिश्रण पातळ होऊन वाहू शकते. आधी काय भरले होते ते माहीत नसेल तर जुने पूर्ण धुऊन काढणे एवढाच सुरक्षित मार्ग. डब्यावर एनएलजीआय 2 आणि जीसी-एलबी ही अक्षरे शोधावीत; जीसी हा चाकांच्या बेअरिंगसाठीचा वरचा दर्जा. डिस्क ब्रेकच्या उष्णतेत साध्या लिथियमपेक्षा लिथियम कॉम्प्लेक्स अधिक तग धरते.

सगळ्यांत महागात पडणारा समज नटचा आहे. जड गाडी, म्हणून नट करकचून आवळा, असे म्हणणारे मेकॅनिकही भेटतात. टेपर बेअरिंगला किंचित ढिलाई लागते. जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या हलक्या ट्रकांची पद्धत अशी: चाक फिरवत फिरवत नट सुमारे 12 फूट-पाउंडांवर आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात आणि मधले जादा ग्रीस बाहेर येते. मग नट सैल करून नुसत्या बोटांनी आवळायचा. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट मागे घ्यायचा, पुढे मुळीच नाही. शेवटी उरणारा प्ले इंचाच्या एक ते पाच हजारांशाइतका असतो, मिलिमीटरमध्ये सुमारे 0.025 ते 0.127. एवढीशी फट हाताला जेमतेम जाणवते, म्हणून खात्री डायल गेजनेच करावी. नट आवळून सोडला तर तापलेले बेअरिंग फुगते, उरलीसुरली फट संपते आणि कोनची मघाची ती कड जळते. उलट फार सैल सोडला तर डिस्क डुगडुगून ब्रेक पॅड मागे ढकलते आणि पहिल्या दाबाला पेडल खोल जाते; दोष मात्र ब्रेकच्या माथी मारला जातो. चाक जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, वर-खाली हलवल्यावर खडखड जाणवली तरी लगेच नटला पाना लावू नये. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे: प्ले गायब झाला तर तो बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंटचा किंवा किंगपिनचा.

बिघडले की आवाज येईलच, तेव्हा बघू, या विचाराला मोटरहोममध्ये फारसा आधार नाही. पी-30 वरच्या गाडीत इंजिन दोन सीटांच्या मधोमध झाकणाखाली गुरगुरत असते, कपाटातली भांडी वेगळीच वाजतात, आणि बेअरिंगचा घरघराट ऐकू येतो तोवर कपचे पापुद्रे निघू लागलेले असतात. प्रवासात थांबाल तेव्हा इन्फ्रारेड थर्मामीटरने डावा-उजवा हब ताडून पाहणे अधिक भरवशाचे. हब गरम असणे स्वाभाविक आहे. जोडीदारापेक्षा फारच गरम असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला कॅलिपर, दोहोंपैकी एक तपासायला हवे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: हल्लीच्या कारची सीलबंद हब-बेअरिंग लाखभर किलोमीटर न उघडता चालतात, जुने हब सारखे उघडणे म्हणजे धुळीला आमंत्रण नाही का? आमंत्रण आहेच. रस्त्याकडेच्या वाळूत, वाऱ्यात हब उघडण्यापेक्षा न उघडलेले बरे. पण सीलबंद बेअरिंगची फट कारखान्यात ठरलेली असते, आणि ग्रीस व सील तिथेच स्वच्छ जागेत भरले-बसवलेले असतात. जुन्या हबची फट दर वेळी माणसाचा हात ठरवतो आणि त्याचे सील रबराच्या एका ओठावर अवलंबून असते. ते आपणहून सीलबंद होणार नाही. तेव्हा मर्यादा घालायची ती किती वेळा उघडायचे याला: पुस्तिकेत दिलेले मैल किंवा दोनेक वर्षे, जे आधी येईल ते, आणि शक्यतो ब्रेकच्या कामाबरोबरच. उघडले की सील नवे, स्प्लिट पिन नवी, उजवीकडची बेअरिंग उजवीकडेच. त्यानंतर पहिल्या पन्नास-शंभर मैलांवर हबचे तापमान पुन्हा पाहावे, आणि चाकाचे नट टॉर्क पान्याने एकदा तपासून घ्यावेत. ते तेवढ्यात थोडे सैल पडू शकतात.