गलगंड व सैनिकाचे अपंगत्व-निवृत्तिवेतन

महाराणा प्रताप नगरातील आमच्या माजी सैनिक बंधूंसाठी व त्यांच्या कुटुंबियांसाठी हे चार शब्द.

गळ्याची ग्रंथी वाढली, एवढ्यावरून अपंगत्व-निवृत्तिवेतन मिळत नाही. तिच्यामुळे शरीराची हानी किती झाली हे वैद्यकीय मंडळ टक्क्यांत ठरविते. सामान्यतः किमान 20 टक्के लागतात. मात्र भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळे झाला असे मानावे, तसे नसल्यास सरकारने सिद्ध करावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंह प्रकरणी दिला. सप्टेंबर 2023 नंतर सेवा सोडणाऱ्यांस मात्र नवे नियम लागू आहेत.

म्हणून भरतीचे व निवृत्तीचे वैद्यकीय कागद जपून ठेवावेत. दावा नाकारला गेल्यास अपील करावे. पुढे जबलपूरला सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. हक्काचे मागण्यास संकोच कसला?